बीट कुठाय?

अजमान
१४ ऑक्टोबर १९९८

आदरणीय शालिनीआत्या,

माझं आयुष्य ज्या क्षणी फिरलं तो क्षण मला वारासकट माहीत आहे. रविवार, ११ ऑक्टोबर, दुपारी पावणेएक. रॉस नावाच्या एका ऑस्ट्रेलियन माणसाने मी केलेला बर्गर हातात घेतला, वरचा पाव उचलून आत बघितलं आणि मला विचारलं, "बीट कुठाय?"

मला वाटलं, चेष्टा करतोय. बर्गरमध्ये कोणी बीट घालतं का? मागे त्याचे आठ-दहा सोबती रांगेत उभे होते, त्यातलं कोणीतरी हसलं. झालं! मी तो बर्गर त्याच्या हातातून काढून घेतला, कचऱ्यात टाकला, "घरी जा आणि बीट खा" असं इंग्रजीत सुनावलं, आणि किचनमध्ये शिरून दार असं आपटलं की आतली ट्यूबलाइट विझली.

आता मी कोण ते सांगतो. मी संग्राम, कराडच्या बापूंचा धाकटा. तुम्ही मला पाहिलेलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा बापूंचं लग्नसुद्धा व्हायचं होतं. आमच्या घरात तुमचं नाव कोणी काढत नाही, खोटं कशाला बोलू. पण बापूंच्या डायरीत 'श'च्या पानावर तुमचा पत्ता आहे. दोन पत्ते खोडलेत आणि खाली तिसरा नीट अक्षरात लिहिलाय. इथे यायच्या आधी मी तो उतरवून घेतला. तुम्ही प्रेमासाठी सगळं सोडून गेलात आणि मेलबर्नला तुमचं टेक-अवेचं दुकान आहे, एवढंच मला माहीत आहे. मला दोन्ही गोष्टींत तुमचा सल्ला हवाय.

पहिली गोष्ट. मी इथे दुबईशेजारच्या अजमानला ज्या कॅफेटेरियात काम करतो ती बोटी बांधायच्या यार्डासमोर आहे. मालक प्रल्हादकाका, मूळचे उंब्रजचे. यार्डात चाळीस ऑस्ट्रेलियन कामाला आलेत आणि त्यांच्या जेवणाचं काम काकांना मिळालंय. माझ्या प्रतापानंतर काका म्हणाले, "अरे, गिऱ्हाईक बीट मागेल नाहीतर मुळा मागेल, तुझ्या बापाचं काय गेलं? दोन-तीन महिन्यांत त्यांचं खाणं शीक. नाहीतर व्हिसा कॅन्सल, खलास, पहिल्या विमानाने कराड!"

मी कराडला जाऊ शकत नाही. कारण दुसरी गोष्ट, अंतरा. ती दुबईत वाढलेली, सांगलीला आमच्या कॉलेजात दोन वर्षं होती. आई आजारी पडली म्हणून परत आली आणि आता दुबईच्या करामा भागात राहते. जाताना मला म्हणाली, "दुबईला आलास तर भेट." आत्या, असं कोणी उगाच म्हणतं का? मी पाचव्या सेमिस्टरला कॉलेज सोडलं आणि आलो.

बीटाचं काय ते लवकर कळवा. काकांना, म्हणजे तुमच्या मिस्टरांना, माझा नमस्कार सांगा.

तुमचा,
संग्राम


फूट्सक्रे, मेलबर्न
२ नोव्हेंबर १९९८

चि. संग्राम,

आधी ते 'तुम्ही-तुम्हाला' बंद कर. फ्रायरपुढे घामाघूम उभ्या असलेल्या बाईला ते शोभत नाही. आत्या म्हणालास ना? मग 'तू' म्हण.

रॉस चेष्टा करत नव्हता. इथल्या माणसाला बीट नसलेला बर्गर म्हणजे मीठ विसरलेली आमटी. मीही पहिल्या आठवड्यात असंच तोंड वेडंवाकडं केलं होतं. बीट उकड, सोल, पातळ चकत्या कर. व्हिनेगर, साखर, मीठ आणि दोन लवंगा घालून पाणी उकळ, गार झालं की चकत्या त्यात बुडव आणि एक दिवस फ्रिजमध्ये ठेव. बर्गरमध्ये खाली भाजलेला कांदा, वर बीट, अननसाची चकती असली तर उत्तम, आणि एक अंडं, पिवळं वाहतं राहील असं. खाणाऱ्याच्या शर्टावर लाल डाग पडला पाहिजे. डाग नाही पडला तर बर्गर फसला समज.

चिप्स, म्हणजे तळायच्या बटाट्याच्या लांबट फोडी, जाड काप. आपल्या सळ्या नकोत. कागदात गुंडाळून द्यायच्या, म्हणजे वाफेने जरा मऊ पडतात. कुरकुरीत नाहीत म्हणून तू हळहळशील, ते नाही हळहळणार. सोबत पुडीत पिवळं मीठ पाठवते. त्याला चिकन सॉल्ट म्हणतात, त्यात चिकनशिवाय बाकी सगळं असतं. इथलं हे सारं खाणं एका हातात मावणारं आहे, हे लक्षात ठेव. दुसऱ्या हातात त्यांचं काम असतं, नाहीतर गाडीचं चाक असतं. ताटं मांडू नकोस. आग्रह करू नकोस. "अजून एक घ्या ना" म्हणालास तर घाबरतील.

आणि खाऊन "नॉट बॅड" म्हणाले तर काकांना सांग, पोरगा पास झाला. याच्या वरचं कौतुक त्यांच्याकडे नाही.

दुसऱ्या गोष्टीबद्दल. "असं कोणी उगाच म्हणतं का" विचारतोस. म्हणतात रे. माझ्या दुकानातून रोज शंभर माणसं "सी यू लेटर" म्हणून चिप्स घेऊन जातात. मी त्यांची वाट बघत बसत नाही. पण मी अंतराला ओळखत नाही, तेव्हा गप्प बसते. कॉलेजचं मात्र तू अर्ध्या ओळीत उरकलंस, ते माझ्या नजरेतून सुटलेलं नाही.

दार आपटू नकोस. आपटलेलं दार पलीकडचा माणूस उघडायला धजत नाही. त्याला वाटत राहतं, आत अजून राग आहे.

डायरीत खरंच तीन पत्ते आहेत?

तुझी,
शालिनीआत्या


अजमान
२२ नोव्हेंबर १९९८

प्रिय आत्या,

तुझं पत्र प्रल्हादकाकांच्या पोस्टबॉक्समध्ये आलं. काकांनी पाकीट नाकाला लावून विचारलं, "यात काय कोंबडी पाठवलीय काय?" मीठ पोचलं. थँक यू.

पण पत्र यायच्या आधी मी माझी अक्कल चालवली होती, ती ऐक. बीट म्हणजे मला काय माहीत? कोशिंबीर! किसलेलं बीट, दही, दाण्याचं कूट, वर हिरव्या मिरचीची फोडणी, आणि हे सगळं बर्गरमध्ये. पाच मिनिटांत पावाची लापशी झाली. रॉसने खालून हात लावून ते सावरलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "याला काय झालं, मित्रा?" जसं काही कोणी वारलंय. आमचा कुक यूनुस केरळचा, तो आत तोंडात फडकं कोंबून हसत होता.

मग तुझ्या पद्धतीने केलं. बुधवारी रॉसने पहिला घास घेतला, बीट घसरलं, शर्टावर हा एवढा डाग! त्याने डागाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हसला. मी त्या दिवसाबद्दल सॉरी म्हणालो. मी, आत्या! बापूंना सांगितलंस तर विश्वास बसणार नाही. मी आजवर बापूंनाही सॉरी म्हणालेलो नाही.

(हो, तीनच पत्ते. पहिले दोन एकेका रेघेने खोडलेत, खाडाखोड करून नाही. रेघेखालचे पत्ते अजून वाचता येतात.)

आता खरी परीक्षा. २६ जानेवारीला आपला प्रजासत्ताक दिन असतो ना, तोच त्यांचाही राष्ट्रीय दिवस निघाला. त्या दिवशी यार्डात त्यांना मीट-पाय हव्यात. चाळीस माणसं, ऐंशी नग. ते जमलं तर पुढच्या वर्षाचंही काम आपलं आणि माझा व्हिसा पक्का. नाही जमलं तर तुला माहीतच आहे. ही मीट-पाय म्हणजे नक्की काय, कशी करतात, सगळं लिही.

आणि अंतरा भेटली! दुबईच्या मीना बाझारमध्ये, आईबरोबर कापड घेत होती. मी म्हणालो, अजमानला फूड कन्सल्टंट आहे. डिग्री झाली का विचारलं तर हो म्हणालो. एवढं चालतं ना? ती म्हणाली, "वाव, सो नाइस!" तिची आई, अर्चनाकाकू, म्हणाल्या, "ये की कधीतरी घरी." बघ. 'कधीतरी'. म्हणजे बोलावणंच की.

काकांना नमस्कार.

तुझा,
संग्राम


फूट्सक्रे
१० डिसेंबर १९९८

चि. संग्राम,

कोशिंबिरीचं वाचून मी दुकानात एकटी मोठ्याने हसले. समोरच्या बाईने आपले चिप्स उघडून तपासले.

मीट-पाय म्हणजे तळहातात मावणारी, झाकण असलेली मैद्याची वाटी आणि आत दाट रश्शातला खिमा. इथे ती शाळेत मिळते, मॅचला मिळते, पेट्रोलपंपावर मिळते. इथे बीफ घालतात. ते तू करणार नाहीस, मीही सुरुवातीला नाही केलं. मटणाचा खिमा घे, चालतो.

तुला चिरोटे माहीत आहेत ना? बापूची आई, माझी काकू, दिवाळीत करायची. पोळीला साटा लावायचा, पोळीवर पोळी, गुंडाळी, काप, पुन्हा लाट. झाकण तसंच करायचं. फक्त साट्यात तुपाऐवजी लोणी आणि सगळं गार हाताने. मी इथे आल्यावर पहिल्या बेकरीत मालकाने मला झाकणं लाटायला लावली आणि विचारलं, हे कुठे शिकलीस? मी म्हणाले, कराडला. त्याला वाटलं, फ्रान्समध्ये आहे. खालची वाटी साधी, मैदा, लोणी, पाणी. साचे नसतील तर स्टीलच्या आमटीच्या वाट्या घे, आतून लोणी लाव.

खिम्यात कांदा, काळी मिरी, मीठ, थोडं गव्हाचं पीठ लावून दाट केलेलं पाणी आणि एक चमचा व्हेजिमाइट, इथली ती काळी खारट पेस्ट. तिथल्या सुपरमार्केटात मिळेल. खाताना वर टोमॅटो सॉस. झालं.

आता सगळ्यात अवघड. यात मसाला घालायचा नाही. तुला घालावासा वाटेल. कराडचं पोरगं आहेस, तुझ्या खोलीत कांदालसूण मसाल्याची बरणी असणारच. घालू नकोस. चमचाभर नाही, चिमूटभर नाही. हे फिकं आहे म्हणून अपुरं आहे असं तुला वाटेल, पण ज्याची आठवण आहे त्याच्या आठवणीत तुझा मसाला नाही. त्याला त्याचीच चव दे.

'कधीतरी ये' यातही तू जरा मसाला घातलायस असं मला वाटतं. आणि डिग्रीचं खोटं बोलणं, नाही रे चालत.

सहा पत्र्याचे साचे वेगळ्या पार्सलने पाठवतेय, माझ्या पहिल्या दुकानातले.

आत्या


अजमान
१४ जानेवारी १९९९

प्रिय आत्या,

आज संक्रांत. यूनुसला तिळगूळ दिला, गोड बोल म्हणालो. त्याचा रोजा आहे, म्हणाला इफ्तारला खाईन, तोवर तू गोड बोल.

साचे मिळाले. एकाच्या तळाशी खिळ्याने 'शा' कोरलंय, तो मी कोणाला देत नाही. रमजानमुळे दिवसा समोरचं शटर खाली असतं, मागच्या दाराने यार्डाचे डबे तेवढे जातात. त्यामुळे सरावाला वेळ मिळाला. पहिली झाकणं चामड्यासारखी, दुसरी बरी, चौथ्या खेपेला पापुद्रे सुटले. यूनुसने नुसतं झाकण फोडून ऐकलं. "आवाज़ अच्छी है," म्हणाला. इफ्तारनंतर चाखून म्हणाला, "संग्राम भाई, ये तो बीमार का खाना है! इस में मसाला किधर है?"

आणि मी चुकलो. तू सांगितलं होतंस तरी चुकलो. खरंच फार फिकं लागत होतं गं. अर्धाच चमचा कांदालसूण घातला. रॉसला एक चाखायला दिली. त्याने अर्धी खाल्ली आणि उरलेली कागदात नीट गुंडाळून ठेवली. म्हणाला, "करी छान आहे, मित्रा. पण ही मीट-पाय नाही." कानशिलं तापली. दाराकडे गेलो. मग तुझी आठवण झाली आणि उगाच फ्रिज उघडून उभा राहिलो. त्याची काही चूक नव्हती. बरणी मी यूनुसच्या कपाटात कुलूप लावून ठेवायला दिली आहे.

पण आता ते सगळं बाजूला राहू दे. अर्चनाकाकूंनी मराठी मंडळाच्या ओळखीतून प्रल्हादकाकांच्या घरी फोनवर सांगितलं, अंतराचं जमतंय. मुलगा मस्कतला बँकेत आहे. मला काही सुचत नाहीये. मी ठरवलंय, २६ तारखेला मीट-पाय पोचवल्या की संध्याकाळी थेट करामा. घरच्यांसमोर सांगणार, हिचं माझ्यावर प्रेम आहे. नाही ऐकलं तर तिचा हात धरून बाहेर पडणार. तू केलंस तसं! तू आणि काका कराडातून निघालात तेव्हा कोणाला विचारलं होतं? आज सुखात आहातच ना? मला फक्त एकदा 'जा' म्हण.

या कागदाच्या वर कॅफेटेरियाचा फॅक्स नंबर छापलेला आहे. काकांना नमस्कार. दर पत्रात सांगतो, ते एकदाही उलट आशीर्वाद देत नाहीत. रागावलेत का?

संग्राम


(फॅक्स)
फूट्सक्रे
२३ जानेवारी १९९९

श्री. प्रल्हादराव, हा कागद तुमच्या मशीनमधून येतोय म्हणजे तुम्ही वाचणारच. वाचा, आणि मग पोराला द्या.

चि. संग्राम,

काका रागावलेले नाहीत. काका नाहीत. मेले नाहीत, पर्थला आहेत, दुसऱ्या संसारात. मी घर सोडून आले त्याच्या तिसऱ्या वर्षी ते गेले. तू दर पत्रात नमस्कार पाठवायचास आणि मी दर वेळी उत्तर द्यायचं टाळत होते. माझ्याकडे बघून एक तरी माणूस 'तू जिंकलीस' म्हणत होता. ते ऐकायला बरं वाटत होतं, म्हणून बोलले नाही. माझं चुकलं.

मी निघाले त्या दिवशी बापू दारात आडवा आला नव्हता. फक्त म्हणाला होता, "शालू, जेवून जा." मी दार आपटून गेले. प्रेम करून गेले याचा मला पश्चात्ताप नाही, संग्राम. जेवून गेले नाही याचा आहे. नंतर दोनदा घर बदललं, दोन्ही वेळा दिवाळीच्या कार्डावर नवा पत्ता लिहून पाठवला. उत्तर नाही. मला वाटलं, फाडून टाकली असतील. मग तुझं पत्र आलं. बापूने दर वेळी जुना पत्ता खोडून नवा लिहिला होता. या वयात मला हे कळलं, तेही कोणाला तरी बर्गरमध्ये बीट हवं होतं म्हणून. तुझे उपकार फिटायचे नाहीत.

मी 'जा' म्हणते. करामाला जा. पण हात धरायला नको. खरं सांग आणि ती काय म्हणते ते ऐक, तुझं काहीही न मिसळता. आणि काही खायला दिलं तर खाऊन निघ.

खिमा गार करून मगच भर. गरम भरलास तर तळ भिजेल.

आत्या


अजमान
३० जानेवारी १९९९

प्रिय आत्या,

फॅक्स प्रल्हादकाकांनी वाचला. मला देताना चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "खिमा गार कर म्हणतायत बघ."

ऐंशी केल्या. सहा तुझ्या साच्यात, बाकीच्या अजमानातल्या समस्त मराठी बिऱ्हाडांच्या आमटीच्या वाट्यांत. चिमूटभरसुद्धा मसाला नाही. यार्डात टेबलं नव्हती, ताटंही नव्हती. सगळे उभ्याने कागदात धरून खात होते. एक म्हातारा वेल्डर बोटीला टेकून समुद्राकडे तोंड करून खात होता. त्याने संपवली, कागद चार घड्या करून खिशात घातला आणि दुसरी घ्यायला आला. रॉस सगळ्यात शेवटी आला. "नॉट बॅड," म्हणाला.

मी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "ऐकलं मी. यल्ला, चल, भांडी घासायला घे." व्हिसा पक्का झाला, आत्या.

मग गेलो. दोन मीट-पाय डब्यात घेऊन, दुबईतल्या देऱ्यापर्यंत टॅक्सी, अब्रा नावाच्या होडीने खाडी, पुढे चालत. दार अर्चनाकाकूंनी उघडलं. अंतरा सोफ्यावर होती. बसायच्या आधीच सांगून टाकलं. डिग्री झाली नाही, अर्ध्यात सोडली. कन्सल्टंट नाही, चिप्स तळतो. आणि तुझ्यासाठी आलो.

तिने मांडीवरची उशी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "संग्राम, आय नेव्हर आस्क्ड यू टू. मी तुला ये म्हणाले नव्हते रे."

कान तापायला लागले. तोंडात दहा वाक्यं आली, 'मग तेव्हा तू असं का बघायचीस' पासून. एकही बाहेर काढलं नाही. तिने सांगितलं तेवढंच होतं, आणि ते पुरं होतं. मी म्हणालो, "नाही. तू 'आलास तर भेट' म्हणाली होतीस. मी आलो, भेटलो."

तेव्हा ती रडवेली होऊन हसली. मस्कतचा मुलगा तिला आवडतो, तिनेच सांगितलं. काकूंनी आत जाऊन थालीपीठ टाकलं. भूक नव्हती, तरी दोन खाल्ली, दह्याबरोबर. अंतराने मीट-पाय चाखली आणि विचारलं, "थोडा मसाला हवा होता ना?" मी म्हणालो, "नाही, ही अशीच असते."

बापूंना परवा कराडच्या एसटीडी बूथवर फॅक्स केला. सॉरी लिहिलं, कॉलेजबद्दलही आणि बाकीच्याबद्दलही. तुझं सगळं कळवलं, साच्याखालच्या 'शा'सकट. काल त्यांनी त्याच बूथवरून काकांच्या नंबरवर फोन केला. सांगलीला सहामाही परीक्षा बाहेरून देता येते का ते विचारून आलेत म्हणे. मग म्हणाले, "शालूला चिरोटे अजून जमतात होय?" नंबर मागत होते तुझा, फॅक्सवर छापलेला होता तो. दिलाय. ते बोलताना अडखळतील, तू ठेवून देऊ नकोस.

अंतराला निघताना मी मनापासून थँक यू म्हणालो. ती ते वाक्य बोलली नसती तर मी इथे आलो नसतो, रॉसने बीट मागितलं नसतं, तू मला मिळाली नसतीस. तिला यातलं निम्मं कळलं नसेल. काकू म्हणाल्या, "येत जा रे अधूनमधून." या वेळी मी तेवढंच ऐकलं.

करामातल्या त्या जुन्या बिल्डिंगांत जिन्याच्या वाऱ्याने दारं आपोआप आपटतात. म्हणून चपला घालून बाहेर आलो, मूठ हातात घट्ट धरली आणि खिट्टी बसेपर्यंत दार हळूच ओढून घेतलं.

तुझा,
संग्राम